अर्ध्या तासाचा मंगळ

शरयू कुलथेचं लग्न मोडलं. मानपानावरून नाही, देण्याघेण्यावरून नाही, मध्ये तिसरं कुणी आलं म्हणूनही नाही. संगणकाच्या पोटातली एक जुनी खिडकी बुजवली म्हणून मोडलं. आणि ती खिडकी बुजवली होती शरयूनंच.

बरं, हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही झालेलंच नाही. आत्ता, म्हणजे २०४३ सालच्या मार्गशीर्षात, शरयूचा साखरपुडा छान झालाय, हॉल ठरलाय, आईनं रुखवतात ठेवायला लोकरीचा हत्ती विणायला घेतलाय. आणि शरयू पुण्याच्या ऑफिसात टेबलावर उभी राहून ओरडतेय, "चालला! दुभाषी चालला!"

टेबलावर उभं राहायला तिथे मनाई नव्हती. असं कुणी करेल, हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिचं काम समजायला फार काही लागत नाही. देवळाचा गाभारा डोळ्यांपुढे आणा. संगणकात प्रोग्रॅम हजार असतात, पण खरी सत्ता एकाकडेच. तो कर्नल, म्हणजे गाभा. गाण्याच्या प्रोग्रॅमला आवाज हवा असेल, पत्र लिहिणाऱ्याला छपाई हवी असेल, तर त्यांनी यंत्राला स्वतः हात लावायचा नाही. बाहेर थांबायचं आणि खिडकीतून हाक मारायची. प्रत्येक हाकेला क्रमांक. अमुक क्रमांक म्हणजे फाइल उघड, तमुक क्रमांक म्हणजे पडद्यावर अक्षर काढ. आतला पुजारी काम करतो आणि उत्तर बाहेर सरकवतो.

पंचाईत अशी, की इतक्या वर्षांत खिडक्या फार झाल्या. नवी, ऐसपैस खिडकी काढली तरी जुनी बुजवता येईना, कारण कुठल्या तरी तालुक्यात कुठला तरी प्रोग्रॅम अजून तिथेच येऊन हाक मारत असायचा. तो प्रोग्रॅम लिहिणारा केव्हाच कॅनडाला जाऊन पंखे विकायला लागलेला. बरं, बुजवायची नाही म्हटलं तर चोरांनाही नेमकी तीच खिडकी आवडायची.

शरयूनं शोधलेला तोडगा म्हणजे दुभाषी. जुन्या खिडक्या सरसकट बुजवायच्या आणि गाभाऱ्याबाहेर एक शिकवून तयार केलेला दुभाषी उभा करायचा. जुन्या प्रोग्रॅमनं जुनी हाक मारली, की ती हा ऐकणार, नव्या भाषेत आत कळवणार आणि उत्तर पुन्हा जुन्या भाषेत आणून देणार. असे दुभाषी पूर्वीही झाले होते. पण ते पोपट होते. शरयूचा दुभाषी तो प्रोग्रॅम अख्खा वाचायचा, आणि तो बोलला काय याच्याऐवजी त्याला हवंय काय, ते ओळखायचा.

"म्हणजे आमच्या सासूबाईंसारखा," शरयूच्या साहेब लोहोकरे मॅडम म्हणाल्या. "फरक एवढाच, की हा बरोबर ओळखतो."

लोहोकरे मॅडमच्या खुर्चीमागे भिंतीवर एकच वाक्य होतं: वापरणाऱ्याचं काहीही मोडायचं नाही. देवाच्या फोटोला घालतात तसा त्याला हार होता, आणि तो रोज बदलत असे.

"खऱ्या जगात चाचणी कुठे घ्यायची?" मॅडमनी विचारलं.

"हिवरखेडीत," शरयू म्हणाली. डोळ्याची पापणी लवली नाही.

हिवरखेडी हे शरयूचं माहेर, आणि आईच्या मते सासरही तिथेच होणार होतं. कागदोपत्री कारण असं, की राज्यातली सगळ्यात जुनी यंत्रं तिथे होती. हिवरखेडीत वस्तू टाकून देत नाहीत. गेलेल्या माणसाचं सिमकार्डसुद्धा चालू ठेवतात, कुणाचा फोन आला तर. खरं कारण असं, की रजा न घेता लग्नाच्या साड्या बघून होणार होत्या. गाभा लिहिणाऱ्यांत एक अलिखित शिस्त होती, की नवी गोष्ट आपल्या घरच्यांवर आधी वापरायची नाही. शरयूला ती शिस्त पाठ होती. साड्या तिला जास्त पाठ होत्या.

आणि काय सांगायचं, दुभाषी पहिल्या दिवसापासून सुसाट सुटला! गावातल्या एकूण एक जुन्या यंत्रात तो रुजू झाला आणि एकही यंत्र बंद पडलं नाही. उलटच झालं. तिच्या जुन्या शाळेची घंटा वर्षानुवर्षं शेवटच्या तासाच्या मध्यातच वाजायची, ती पहिल्यांदा तास संपल्यावर वाजली. पोरांना वाटलं, भूकंपाची तालीम आहे, आणि सगळी बाकांखाली जाऊन बसली. थिएटरबाहेरचा बोलका वजनकाटा सगळ्यांना 'आपले वजन शून्य, आपला स्वभाव स्थिर' असं सांगायचा. तो आता खरं वजन खणखणीत आवाजात सांगू लागला. दुपारपर्यंत कुणीतरी त्याच्या तोंडावर पोतं टाकलं.

शरयूनं रस्त्यातूनच मॅडमना फोन लावला. "मॅडम, काहीच मोडलं नाही! उलट बिघडलेलं सुधारलं!"

"सुधारलं?" पलीकडून मॅडम म्हणाल्या. "सुधारायला कुणी सांगितलं होतं?"

शरयूला हा विनोद वाटला. ती हसली आणि घरी गेली.

घरी आई आणि बिडकर गुरुजी समोरासमोर बसले होते. दोघांच्या मध्ये चहा होता आणि त्यावर साय धरली होती. चहा गार होऊ देणं हे आईच्या घरात सुतक असल्याशिवाय होत नसे.

"शरू, बस," आई म्हणाली.

"काय झालं?"

"निहारला मंगळ आहे."

निहार उदावंत म्हणजे शरयूचा होणारा नवरा, गावातला गुरांचा डॉक्टर. दोघांनी एकमेकांना आधी पसंत केलं होतं आणि मग पत्रिका जुळते का ते बघितलं होतं. आईची ती एकच अट होती, आणि पत्रिका गुळगुळीत जुळली होती.

"साखरपुड्याच्या वेळी नव्हता ना?"

"नव्हता," गुरुजी म्हणाले. "मुहूर्ताची वेळ काढायला म्हणून आज परत टाकली, तर सप्तमात. कडक."

"मग आला कुठून? बदलीवर आला का?"

"कार्टे, चेष्टा सुचतेय?" आईनं लोकरीचा हत्ती बाजूला ठेवला. त्याला अजून सोंड नव्हती. "कॉम्प्युटरनं सांगितलंय. गुरुजी चुकतील एक वेळ, कॉम्प्युटर चुकणार नाही. मंगळाचा मुलगा मी तुला करणार नाही. लग्न मोडलं, असंच समज."

शरयूनं निहारला फोन लावला.

"लवकर बोल," निहार म्हणाला. "माझा एक हात म्हशीत आहे."

"तुला मंगळ निघालाय."

"हळू बोल. फोन स्पीकरवर आहे. म्हशीचा मालक दुसरा डॉक्टर बोलावेल."

"निहार, आई लग्न मोडायचं म्हणतेय."

पलीकडे थोडा वेळ फक्त म्हैस बोलत होती.

"मोडायचं नाही," निहार म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मी इथलं उरकून येतो. तोवर तू तुझ्या त्या गाभ्यात बघ. जो काल नव्हता आणि आज आहे, तो मंगळ नसतो, संसर्ग असतो."

गुरुजींच्या ओसरीवरचा संगणक गुरुजींपेक्षा थोडाच लहान होता. त्यावर 'शुभलग्न' नावाचा प्रोग्रॅम. गावातल्या कॉलेजच्या एका पोरानं तो पार पूर्वी लिहिला होता, आणि तेव्हापासून तालुक्यातलं एकही लग्न त्याला विचारल्याशिवाय झालं नव्हतं. शरयूनं त्याची हाक अन् हाक तपासली. आणि सापडलं! ती इतक्या जोरात ओरडली, की गुरुजींच्या हातून पंचांग पडलं.

हाक क्रमांक अठ्ठ्याहत्तर. त्या हाकेचा अर्थ असा: आत्ता वाजले किती, आणि जगाच्या घड्याळाच्या आपण किती पुढे आहोत? ती खिडकी ज्या लोकांनी बांधली, त्यांच्या देशातली वेळ पुऱ्या तासांनीच पुढेमागे असायची. आपली साडेपाच तास पुढे. उत्तराच्या खणात अर्ध्याला जागाच नव्हती. म्हणून गाभा सांगायचा, पाच. उरलेला अर्धा तास खिडकीतच पडून जायचा. शुभलग्न ते पाच घेऊन जन्मवेळेचं गणित करायचा, आणि तालुक्यातलं प्रत्येक बाळ अर्धा तास उशिरा जन्माला यायचं.

परवापर्यंत. परवा दुभाष्यानं शुभलग्न वाचला, याला खरी वेळ हवी आहे हे ओळखलं, आणि पडलेला अर्धा तास उचलून त्याच्या हातात दिला.

"अर्ध्या तासानं असं काय होतं?" गुरुजींनी विचारलं, आणि मग स्वतःच बोटांवर हिशेब करू लागले. अर्ध्या तासात चंद्र फारसा हलत नाही, त्यामुळे गुण जवळपास तेच राहतात. पण लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दर दोन तासांनी बदलते. अर्धा तास चुकला, की चारातल्या एकाची लग्नरास चुकणार. रास बदलली, की मंगळाचं घर बदलणार.

"चारातल्या एकाची," गुरुजी पुटपुटले. "अख्ख्या तालुक्यात. मी लावलेल्या लग्नांत."

"गुरुजी, हे विलक्षण आहे!" शरयू म्हणाली.

"हो," गुरुजी म्हणाले. "मला पाणी दे."

असल्या गोष्टी हिवरखेडीत गुपित ठेवायची पद्धत नाही. सकाळी गुरुजींच्या अंगणात चपला ठेवायला जागा उरली नाही. ज्याला त्याला आपली पत्रिका परत टाकून हवी होती. सुधाकरराव आणि मंदाकाकू नातवंडांना घेऊनच आले. त्यांचं नव्यानं बघितलं तर मंगळामुळे जमतच नव्हतं, अगदी कुठूनच नाही.

"मी पहिल्या वर्षीच म्हटलं होतं," मंदाकाकू म्हणाल्या.

"मी पण," सुधाकरराव म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे इतक्या कौतुकानं पाहिलं, की नातवंडं लाजली. इतक्या वर्षांत एकमत होण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

गावात पाहता पाहता पक्ष पडले. लग्न झालेल्यांना जुनीच वेळ हवी होती. ज्यांना सोडचिठ्ठी हवी होती, त्यांना नवी. उपवर मुलांच्या आया म्हणत होत्या, की मुलाला नवी लावा आणि मुलींना जुनी. एकानं भाऊबंदाला मंगळ लावून मिळेल का, असं हळूच विचारलं.

रात्र म्हशीपाशी काढून निहार अंघोळ करून आला. त्याचा उपाय तयार होता. "मंगळ दोघांनाही असला की चालतो ना? मग तुलाही लाव. तुझाच तर गाभा आहे."

"असं नाही करता येत."

"एका ओळीचं काम असेल."

"एका ओळीचंच आहे," शरयू म्हणाली. "तोच तर त्रास आहे."

लोहोकरे मॅडमनीही फोनवर एका ओळीचंच काम सांगितलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्या आनंदानं थरथरत होत्या, कारण आयुष्यभर ज्या वाक्याला त्या हार घालत आल्या, ते आज साक्षात उभं राहिलं होतं. "अगं, चूक इतकी वर्षं टिकली ना, की ती चूक राहत नाही. लोकांनी तिच्यावर घरं बांधलेली असतात. दुभाष्याला एक ओळ शिकव. शुभलग्ननं अठ्ठ्याहत्तर मारली, की अर्धा तास पाडायचा, पूर्वीसारखा. तुझं लग्नही वाचेल."

शरयूनं ती ओळ लिहिली. लिहायला शिंक यायला लागतो तेवढाच वेळ लागला. आता एक कळ दाबायची, की निहारचा मंगळ जिथून आला तिथे परत जाणार.

तेवढ्यात कुंदाबाई आल्या.

कुंदा शहाणे शरयूच्या शाळेत चित्रकला शिकवत. पन्नाशी कधीच ओलांडलेली, लग्न झालेलं नाही. तरुणपणी त्यांना कडक मंगळ निघाला होता, आणि चांगली म्हणावी अशी स्थळं गुरुजींच्या ओसरीवरूनच परत गेली होती. गर्दी ओसरल्यावर त्या ओसरीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "सहज टाकून बघ गं माझी. काही करायचं नाहीये मला आता."

शरयूनं टाकली. मंगळ नव्हता. जवळपाससुद्धा नव्हता.

"नव्हताच?" कुंदाबाईंनी विचारलं.

"नव्हताच, बाई."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "कमाल आहे. माझा स्वभाव मंगळामुळे असा आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. आता कुणावर ढकलू?" त्यांनी त्या पत्रिकेच्या दोन प्रती छापून मागितल्या, एक भिंतीवर लावायला आणि एक पर्समध्ये ठेवायला. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी सातवीच्या वर्गाला मंगळ ग्रहाचं चित्र काढायला लावलं आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले. एका पोरानं बैल काढला होता. त्यालाही.

शरयूनं ती ओळ खोडली आणि मॅडमना फोन केला.

"वापरणाऱ्याचं काही मोडायचं नाही ना? मग कुंदाबाईंचंही मोडायचं नाही. जे त्यांच्यावर नव्हतं ते काल उतरलं. ते मी परत नाही चढवणार."

"आणि तुझं लग्न?"

निहार शेजारीच बसला होता. त्यानं तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "मॅडम, मी मंगळाचा नवरा बोलतोय. तिनं केलं ते बरोबर केलं. पण बरोबर केल्यावर पुढे काय करायचं असतं, ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही."

मग मॅडम म्हणाल्या, "ज्यात कुणाचंच मोडत नाही, असा रस्ता शोधा. नसेल तर तयार करा. गाभ्याचं काम तेच असतं."

शरयू विचार करत अंगणात चकरा मारू लागली. प्रोग्रॅम बदलता येत नाही, त्याचा कर्ताही कॅनडात पंखे विकतोय. गाभा ती बिघडवणार नाही. जन्मवेळा तर आयांनी सांगितलेल्या, त्यांना कोण खोटं पाडणार? मग या सगळ्या गणितात उरलं काय? तिनं ओसरीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"आई!" हत्ती मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेल्या आईकडे बघून ती ओरडली. "चूक आपली नाहीच! घड्याळाची आहे!"

"बंद पडलंय का?"

"हे नाही, देशाचं! आपला तालुका जर अर्धा तास मागच्या वेळेत असता, म्हणजे जगाच्या बरोबर पाच तास पुढे, तर शुभलग्ननं आजवर सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं ठरतं. सगळ्यांची लग्नं बरोबर! मग गाभ्याला हात लावायचाच नाही. सरकारनं फक्त आपल्या तालुक्याला वेगळी वेळ द्यायची. आणि मागच्या तारखेपासून द्यायची."

मग निहार म्हणाला, "हे सरकार देईल?"

"कधीच नाही," शरयू आनंदानं म्हणाली. "पण मागता तर येईल."

आणि इतका वेळ गप्प बसलेले बिडकर गुरुजी उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. "मागा," ते म्हणाले. "आजच मागा. अर्ज एकदा सरकारदरबारी गेला, की प्रकरण विचाराधीन होतं. प्रकरण विचाराधीन असताना निहाररावांना मंगळ आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. संशयाचा फायदा वराला."

"असं शास्त्रात आहे?" आईनं विचारलं.

"आमच्या आजोबांनी विहिरीसाठी केलेला अर्ज अजून विचाराधीन आहे," गुरुजी म्हणाले. "त्यापुढे शास्त्र काय आहे, वहिनी?"

आईनं बराच वेळ विचार केला. कॉम्प्युटर चुकत नाही हे तिला मान्य होतं. पण सरकारचं उत्तर येत नाही, हे तिला जास्त मान्य होतं. "हॉल सोडू नका," ती म्हणाली आणि हत्तीची सोंड विणायला घेतली.

निहारनं उडी मारली. ओसरीचं छत बुटकं होतं, हे त्याला वर गेल्यावर समजलं.

अर्ज तिथेच, अंगणात बसून लिहिला गेला. अख्ख्या गावानं सह्या केल्या, जुन्या पक्षानं आणि नव्या पक्षानंही. कुंदाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांनी अर्ज नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "शरयू, हे मंजूर झालं तर माझा मंगळ परत येईल. माझ्यापुरतं एक कलम घाल. आणि मागतोच आहोत, तर मला आणखी एक मागायचंय." त्यांनी सांगितलं ते शरयूनं शब्दशः लिहून घेतलं.

प्रति,
मा. सचिव, कालमापन विभाग.

विषय: हिवरखेडी तालुक्यास स्वतंत्र प्रमाणवेळ मंजूर करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, हिवरखेडी तालुक्याची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या अर्धा तास मागे निश्चित करण्यात यावी व सदर बदल तालुक्यातील हयात सर्व व्यक्तींच्या जन्मापूर्वीपासून, पूर्वलक्षी प्रभावाने, लागू करण्यात यावा. मात्र श्रीमती कुंदा शहाणे यांचे राहते घर, अंगण व फाटकापर्यंतची जागा या बदलातून वगळून तेथे भारतीय प्रमाणवेळ कायम ठेवण्यात यावी. तसेच अस्तित्वात नसलेल्या मंगळापोटी त्यांनी आजवर केलेले मंगळवारचे सर्व उपास त्यांना, शक्यतो साबुदाणा वगळून, सन्मानपूर्वक परत करण्यात यावेत, ही नम्र विनंती.